आत्याची आत्या

कालुंगू, १४ ऑगस्ट २०११

चि. गोरेट्टी,

मुलिंडवाच्या टॅक्सीतून पिशवी पाठवतेय. वर भुईमूग आहे, खाली माझ्या मापाच्या दोऱ्या. गाठी सोडवू नकोस, नाहीतर तू शिवलेला बुसूटीचा झगा विजेच्या खांबाला बसेल आणि मला नाही.

फोन का केला नाही म्हणून रुसू नकोस. नेटवर्क फक्त चर्चच्या पायरीवर येतं आणि त्या पायरीवर सकाळपासून बायका बसलेल्या असतात. मी ‘पोट’ म्हटलं की त्या ‘कोणाचं’ म्हणून विचारतात. कागदाला कान नसतात.

डिसेंबरात तुझ्या कियेम्बाकडचे आपल्या अंगणात येतील, तुला मागणी घालतील. त्या एवढ्या पाहुण्यांच्या गर्दीतून नवरा हुडकून काढायचा मान माझा. मी मुद्दाम चुकणार आहे. आधी त्याच्या काकाचा हात धरीन, मग एखाद्या टकल्याला विचारीन, ‘बाबा, तूच का तो?’ लोकांना हसायला मिळालं पाहिजे, नाहीतर सोहळा कसला. आणि त्याआधी महिनाभर तू माझ्याकडे राहायला यायचं. आईनं मुलीशी बोलू नये अशा गोष्टी आत्यानं दार लावून बोलायच्या, हा आपला रिवाज. या गावातल्या निम्म्या नवऱ्या मी तयार केल्यात. सख्खी भाची कोरी गेली तर मला लाज आणेल.

नवी बुसूटी एवढ्यासाठी की जुनीचा पट्टा आता पोटावर बसत नाही. बाळसं धरलंय बाई मी. सगळे म्हणतात, नबुन्या, शहरातली भाची चांगलं खाऊ घालतेय वाटतं. मी कौतुक ऐकून घेते. खाणं म्हणशील तर दोन घासांत पोट भरतं.

तुझी आत्या,
पेर्पेतुआ नबुन्या

•

वांडेगेया, कंपाला, २१ ऑगस्ट

प्रिय आत्या,

भुईमूग दुकानातल्या पोरींनी भाजायच्या आधीच संपवला. दोऱ्या मात्र मी दोनदा मोजल्या, मग गेल्या वर्षीच्या ईस्टरच्या मापाशेजारी ठेवल्या.

तुझ्या खांद्याची दोरी आखूड झालीय. दंडाची तर इतकी की आधी मला वाटलं, तू चुकून शेजारच्या पोरीचा दंड मोजलास. आणि पोटाची दोरी वीतभर वाढलीय. आत्या, मी दिवसभर बायकांची मापं घेते. बाई जाड होते तेव्हा सगळीकडून होते. दंड वाळतात आणि पोट वाढतं, त्याला बाळसं म्हणत नाहीत.

आता खरं खरं सांग. दोन घासांत पोट भरतं हे कधीपासून? लघवीला सारखं जावं लागतं का? थकवा येतो का? ओटीपोटात दुखतं का? आमच्या गिऱ्हाईकांत एक नर्स आहे. दोऱ्या बघून तिनं पहिला प्रश्न विचारला तो तुझ्या वयाचा. मग म्हणाली, मसाकाला जाऊन पोटाची सोनोग्राफी करायला सांग, उद्या म्हणू नकोस.

बुसूटीचं कापड मी कापलेलं नाही. तू जाऊन येईपर्यंत कापणारही नाही.

तुझी,
गोरेट्टी

•

कालुंगू, २७ ऑगस्ट

गोरेट्टी,

तुला शिवण शिकायला पाठवली होती, माझ्या लघवीची चौकशी करायला नाही.

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणतात. आपल्याकडे मिशांची गरज नाही. मी तुझ्या बापाच्या जागी आहे. मी विचारायचं आणि तू मान खाली घालून उत्तर द्यायचं. उलटी गंगा कुठून आणलीस?

तुझ्या समाधानासाठी सांगते, गेल्या वर्षी दवाखान्यात फुकट तपासणी झाली होती. नर्सबाईंनी गर्भाशयाचं तोंड पाहिलं, सगळं स्वच्छ आहे म्हणाल्या. खालचं सगळं नीट आहे म्हणजे नीट आहे. पोट वाढतं ते वयानं. एक वैदू पाला देतो, तो उकळून पिते.

सोहळा होऊ दे. मग तू म्हणशील त्या यंत्राखाली झोपते. आत्या अंथरुणाला खिळलेली असताना घरात पाहुणे येत नाहीत. हे लग्न मी मोडणार नाही.

आणि राहिलं माझं विचारायचं. माझ्या पोटाबद्दल मला विचारायचा हक्क फक्त माझ्या आत्याचा. ती तेओपिस्ता केव्हाच मातीत गेली. तेव्हा विषय संपला.

कापड काप.

आत्या

•

कंपाला, २ सप्टेंबर

पेर्पेतुआ,

हो, नाव घेऊनच लिहितेय. बस आणि वाच.

तेओपिस्ता मातीत नाही. तेओपिस्ता वांडेगेयाला शिवणयंत्रावर बसलीय.

तिच्या शेवटच्या विधीला वारस म्हणून कोणाला बसवलं होतं, आठवतंय? मी तेव्हा पहिलीत होते. मला झाडाच्या सालीच्या वस्त्रात गुंडाळलं, चटईवर बसवलं, हातात सुरी आणि टोपली दिली. तूच दिलीस. मग तू माझ्यासमोर गुडघे टेकलेस आणि मला ‘आत्या’ म्हणालीस. मला हसू आलं म्हणून वर चिमटाही काढलास. कुळातले म्हातारे म्हणाले, आजपासून ही पोर म्हणजेच तेओपिस्ता, तिचं नातं ते हिचं नातं. त्यानंतर कितीतरी वर्षं बाबा मला चिडवायला ‘आत्याबाई, शाळेला उशीर होतोय’ म्हणायचे.

तो नुसता खेळ होता का? तसं असेल तर लिही, मी गप्प बसते. पण मग तू ज्या नवऱ्या तयार केल्यास त्यांचे रिवाजही खेळच म्हणायचे.

खेळ नसेल तर तुझी आत्या तुला सांगतेय. मंगळवारी मसाकाला जायचं. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी वेगळी, अंडाशयाची वेगळी. पहिली चांगली आली म्हणून दुसऱ्याबद्दल काहीच कळत नाही, हे त्या नर्सनं मला दोनदा समजावलं. पाला बंद. आणि माझ्याशी पुन्हा अशा सुरात बोलायचं नाही.

तुझी आत्या,
तेओपिस्ता (हस्ते गोरेट्टी)

•

कालुंगू, १६ सप्टेंबर

ती. आत्याबाईंस,

गुडघे टेकून नमस्कार. गुडघे टेकले की पोट आडवं येतं, एवढं चालवून घ्या.

तुमचं पत्र वाचून मी आधी संतापले. मग इतकी हसले की कोंबड्या अंगणातून पळाल्या. काय बिशाद आहे पोरीची, म्हटलं. पण म्हाताऱ्यांनी बसवलेल्या वारसाला मी नाही म्हणू शकत नाही. मंगळवारी गेले.

यंत्रवाल्या बाईनं पोटावर थंडगार काहीतरी चोपडलं आणि यंत्र एकाच जागी फिरवत राहिली. मग तिनं डॉक्टरला बोलावलं. पोटात पाणी साठलंय. डाव्या अंडाशयावर गाठ आहे, उजवंही चांगलं नाही. रक्त कंपालाला पाठवलं. चिठ्ठीवर लिहिलंय, कर्करोगाच्या मोठ्या दवाखान्यात जावं.

आता आत्या म्हणून विचारताय तर सांगते. पोट सात-आठ महिन्यांपासून वाढतंय. मला माहीत होतं. मी तेओपिस्ताचं पोट बघितलंय. तीही असंच म्हणायची, दोन घासांत भरतं. तिचेही हात वाळले होते. ती गेली तेव्हा कुळातल्यांनी ठरवलं, तिच्या सवतीनं, एरिनानं, जेवणातून काहीतरी घातलं. एरिनाच्या घराचं छप्पर उतरवलं. ती बिचारी तळ्याकाठी बुकाकाटाला भावाकडे गेली, ती परत आली नाही.

मी ‘पोट’ म्हटलं की लोक पुन्हा कोणाचं तरी घर शोधतील. माझी जाऊ बसलीय शेजारीच, तिच्याशी माझं शेंगांवरून भांडण झालेलं सगळ्यांना माहितेय. म्हणून पट्टा सैल करत राहिले आणि हसत राहिले.

गोरेट्टी, मला भीती वाटते. हे मी कोणाला सांगायचं होतं, तूच सांग.

नबुन्या

•

कंपाला, ८ ऑक्टोबर

प्रिय पेर्पेतुआ,

तू गावी सुखरूप परत पोचलीस हे मुलिंडवानं सांगितलं. वाटेत दोनदा उलटी झाली आणि दोन्ही वेळा तू त्यालाच गाडी नीट चालव म्हणून झापलंस, हेही सांगितलं.

इथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर अचेंग बोलत होत्या तेव्हा तू प्रत्येक वाक्याला मान डोलावलीस. बाहेर आल्यावर मला विचारलंस, ‘काय म्हणाल्या गं?’ म्हणून सगळं लिहून देतेय. जपून ठेव, वाटलं तर चर्चच्या पायरीवर मोठ्यानं वाच.

हा अंडाशयाचा कर्करोग आहे. तो गपचूप वाढतो, म्हणून बायका पोट बिघडलं समजून बसतात. तुझा अंडाशयातून निघून पोटातल्या चरबीच्या पडद्यावर पसरलाय. पोटाच्या बाहेर गेलेला नाही. याला ते तिसरी पायरी म्हणतात.

वाटा तीन होत्या. एक, आधी ऑपरेशन, मग औषध. पण तुझ्या पोटात इतकं पाणी आणि अंगात इतकी कमी ताकद की डॉक्टरांना ते धोक्याचं वाटलं. दुसरी, आधी सलाइनमधून औषध दर तीन आठवड्यांनी, तीनदा. गाठी आक्रसल्या की ऑपरेशन करून गर्भाशय, दोन्ही अंडाशयं आणि तो पडदा काढायचा. मग पुन्हा औषध. तू ही घेतलीस, पहिलं सलाइन इथेच झालं. तिसरी, यातलं काहीच नको म्हणायचं. तरी त्यांनी तुला हाकललं नसतं. पाणी काढलं असतं, दुखण्यावर मॉर्फिनचं औषध दिलं असतं, घरी येऊन बघितलं असतं. तो सुद्धा तुझा हक्कच आहे, असं त्या म्हणाल्या. तुला पुढे कधी औषध सोसेना झालं तर तसं बोलून दाखव, मनात ठेवू नकोस.

केस जातील. बोटांना मुंग्या येतील. ताप आला तर पाला नाही, पांघरूण नाही, सरळ दवाखाना. रात्र असो की रविवार.

पूर्ण बरी होशील का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, पुष्कळजणींचा आजार मागे हटतो, बऱ्याच जणींचा काही वर्षांनी परत येतो, तेव्हा परत औषध देतात. वचन कोणी देऊ शकत नाही. तुझी आत्या असल्यामुळे मी यातलं काही गाळलेलं नाही.

आणि तेओपिस्ताचं. मी तिच्या पोटाबद्दल सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, आता नक्की सांगता येणार नाही, पण हाच आजार असावा असं वाटतं; एका रक्तातल्या दोन बायका, तेव्हा घरातल्या सगळ्याजणींना सांगून ठेवा. हा आजार रक्तातून उतरवणारा एखादा दोष आहे का ते बघायला माझीही रक्ताची तपासणी करायला सांगितलीय. मी करणार आहे, तू नको काळजी करू.

नक्की नाही म्हणतात. पण एरिनानं विष घातलं हे तरी कुठे कोणी नक्की केलं होतं?

तुझी आत्या

•

कालुंगू, २० नोव्हेंबर

ती. आत्याबाई,

तिसरं सलाइन झालं. डोक्यावर एक केस नाही. आरशात बघितलं तर तुझा बापच दिसला. तुझ्या बाबांना सांग, त्याचं टक्कल मलाच शोभतं.

तुझं पत्र मी खरंच चर्चच्या पायरीवर वाचलं. तिसऱ्या पायरीला एकजण म्हणाली, कोणती गं पायरी, ही का? मग दोघी-तिघी आपापल्या पोटाचं सांगायला लागल्या. एकीला नुसता वारा धरत होता, तरी मी तिला मसाकाला पाठवली. जावेलाही पुढे बोलावून बसवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, ही माझ्या घरात कालही स्वयंपाक करत होती, उद्याही करेल. ती रडली. मग शेंगांचं भांडण पुन्हा सुरू केलं, हरकत नाही.

पाणी पुन्हा भरलेलं नाही. रक्तात गाठीचा जो आकडा मोजतात तोही पुष्कळ उतरला. पण ऑपरेशन डिसेंबरात ठरलंय, म्हणजे नेमकं तुझ्या सोहळ्याच्या आठवड्यात. ते मी फेब्रुवारीपर्यंत ढकलते. पाहुणे आधी. डॉक्टरांना तू समजाव, तुझं ऐकतात त्या.

आणि एक, मनातलं. मी टेबलावरून उठले नाही तर माझ्या चटईवर वारस म्हणून तू बस. दुसरी कोणी मला चालणार नाही.

नबुन्या

•

कंपाला, २६ नोव्हेंबर

पेर्पेतुआ,

ऑपरेशन ढकलायचं नाही. औषधानं गाठ आक्रसलीय, ती पुन्हा अंग धरायच्या आत काढायची. सोहळा ढकललाय. कियेम्बाचे काका कुरकुरले, त्यांनी बोकड ठरवून ठेवला होता. कियेम्बा त्यांना म्हणाला, बोकडाला अजून सहा महिने मिळाले, तो काही तक्रार करणार नाही. याच माणसाशी लग्न करायचं, हे माझं त्या दिवशी पक्कं झालं.

तुझ्या चटईवर मी बसणार नाही. एका बाईला एकच चटई. मी आधीच तेओपिस्ता आहे. तुझी जागा घ्यायला या कुळात कोणी मोकळं नाही, तेव्हा ती तुलाच सांभाळावी लागेल.

माझी तपासणी आली. रक्तातून उतरणारा तो दोष माझ्यात सापडलेला नाही. हे बाबांच्या आधी तुला कळवतेय.

ऑपरेशन झालं, पुढचं औषध संपलं आणि पायात जोर आला की तुला एक काम आहे. बुकाकाटाला जायचं. एरिनाला माझ्या लग्नाचं बोलावणं द्यायचं, आणि सांगायचं: तेओपिस्तानं निरोप दिलाय, मी आजारी होते, सवतीनं काही केलं नाही.

मी दवाखान्याच्या दारात उभी असेन.

तुझी, आणि आत्ता नुसती तुझी,
गोरेट्टी

•

कालुंगू, २२ एप्रिल २०१२

माझी गोरेट्टी,

शेवटचं सलाइन झाल्यावर डॉक्टर अचेंगनी काय सांगितलं ते तुला माहीत आहे, तू माझ्या शेजारीच होतीस. दिसण्यासारखं काही उरलेलं नाही, दर तीन महिन्यांनी दाखवायचं, परत आलं तर परत बघू. यावेळी मी मान डोलावली ती समजून.

काल बुकाकाटाला जाऊन आले. एरिना आता पार वाळलीय, पण कमरेत ताठ आहे. तळ्याकाठी मासे वाळत घालत होती. मला ओळखलं आणि हातातली टोपली खाली ठेवली नाही. वाटलं, हाकलते बहुतेक. मी ओल्या वाळूत गुडघे टेकले आणि तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला, तेओपिस्ताच्या नावानं. माझं पोट, पाणी, गाठ, सगळं सांगितलं. डोक्याचं फडकं काढून टक्कल दाखवलं.

तिनं टोपलीतला आणखी एक मासा वाळत घातला. मग म्हणाली, ‘सवतीला पोचायला इतकी वर्षं लागली होय? चालायला ती पहिल्यापासूनच मंद.’ मग टोपली ठेवली आणि पट्ट्याच्या टोकानं तोंड पुसत बसली. मीही बसले. दोघी मनसोक्त रडलो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

लग्नाला येणार आहे. विचारत होती, सवत म्हणून पुढे बसू की पाहुणी म्हणून मागे. मी म्हटलं पुढे, माझ्या शेजारी. तेव्हा तुला मोठ्यांदा ‘काय गं सवती’ म्हणून हाक येईल, कियेम्बाला आधीच समजावून ठेव, नाहीतर पोरगा अंगणातून पळेल.

मग तिनं जेवायला घातलं. केळीच्या पानात वाफवलेल्या कच्च्या केळ्यांचं मटोके आणि शेंगदाण्याच्या रश्शात धुरावलेला मासा. पान माझ्यासमोर ठेवलं आणि त्यातला पहिला घास स्वतःच तोंडाकडे नेला. तिची भावजय हळूच म्हणाली, आली तेव्हापासून ती असंच करते, कोणालाही वाढलं की आधी स्वतः खाऊन दाखवते.

मी तिचा हात धरला. तो घास तिच्या बोटांतून काढून घेतला आणि खाल्ला. मग दुसरा, मग तिसरा. पोट भरलं असं वाटायची मी वाट बघत होते, सवयच झाली होती ना. भरलंच नाही. पान रिकामं केलं आणि एरिनाला म्हटलं, आणखी वाढ.

तुझी आत्या आणि भाची,
नबुन्या